रस्त्याची डावी कड

डोणगाव,
१७ जानेवारी १९६९

चि. सौ. सिंधू हिस,

आशीर्वाद लिहायला मन धजत नाही, म्हणून ती ओळ सोडून देतो.

भासऱ्यानं, म्हणजे थोरल्या दिरानं, भावजयीला पत्र लिहिण्याची रीत आपल्याकडे नाही. पाच वर्षं एका घरात राहून तू माझ्याशी एकदाही समोरासमोर बोलली नाहीस. जे काही असेल ते तुझ्या जाऊबाईच्या, कौशल्येच्या तोंडून. तेव्हा हे पाकीट पाहून तुला अवघडल्यासारखं होईल. तुझ्या वडिलांनी आधी वाचलं तरी माझी हरकत नाही. उत्तमरावांपासून लपवावं असं यात काही नाही.

मंगळवारी तेरवीला आम्ही दोघं जानेफळला आलो होतो. तू बाहेर आली नाहीस. तुझ्या आईनं, रुखमाबाईंनी, मला पाण्याचा तांब्या दिला आणि मी तो सगळा प्यायलो. परत येताना एस. टी.त माझ्या मनात एकच गोष्ट फिरत राहिली. ज्या घरातला बावीस वर्षांचा मुलगा, शेषराव, आपल्या दारातून निघून पाव तासात गेला, त्या घरी बसून आपल्याला तहान कशी लागली? मी पंधरा दिवस शाळेत जातो, फळ्यावर आकृत्या काढतो, मुलं वहीत उतरवून घेतात. हे सगळं कोण करतो आहे ते मला कळत नाही.

धाकट्या भावाचा, सहदेवाचा, खांदा अजून बांधलेला आहे. ढोरांच्या दवाखान्यातल्या नोकरीवरून त्यानं रजा घेतली आहे. दिवसभर गोठ्यात बसतो. फटफटी तिथंच आहे, पोत्यांनी झाकलेली. निष्काळजीपणानं गाडी चालवून शेषरावाच्या मृत्यूला कारण झाल्याचा खटला त्याच्यावर आहे. मेहकरच्या कोर्टात १७ फेब्रुवारीला तारीख आहे. तो म्हणतो, मी गुन्हा कबूल करणार.

तेरवीच्या दिवशी तू कौशल्येपाशी म्हणालीस, "डोया लागत होता तं माह्या भावाले मांगं बसवलं काऊन?"  आदल्या रात्री सहदेव कुणाच्या तरी म्हशीच्या वेताला गेला होता, उशिरा आला, हे खरं आहे. पोलीस जमादारासमोर त्यानं स्वतःच सांगितलं की माझा डोळा लागला.

तू आणखी एक विचारलंस, शेषरावाच्या कपाळावर पांढरं काय होतं. मी कौशल्येला सांगितलं होतं की राख असेल. दवाखान्यातली पावडरही असू शकते. रस्त्याची धूळ असू शकते.

तू निघून गेलीस याचा घरी आम्हाला राग नाही. तुझी इच्छा होईल तेव्हा ये.

माणिकराव


डोणगाव,
२६ जानेवारी १९६९

चि. सौ. सिंधू हिस,

तुझं पाकीट काल मिळालं. आत पत्र असेल असं वाटलं होतं. निघाला तो माझाच कागद, नोव्हेंबरात मी सहदेवासाठी लिहून दिलेला, चार घड्या पडलेला. त्याच्या पाठीवर तुझ्या अक्षरात एक ओळ: "यातलं यायनं काय मोडलं ते भाऊजीनं लिहून कळवावं."

आज सकाळी शाळेत झेंडावंदन झालं. मुलांपुढे बोलायचं होतं. उभा राहिलो आणि मला तुझी ओळच आठवली. काहीतरी बोललो असेन.

हा कागद तूच मागितला होतास. सहदेवानं जुनी फटफटी घेतली, थंडीत पहाटे खेड्यांवर जाऊ लागला, तेव्हा तू कौशल्येला म्हणालीस की ते फक्त मास्तर भाऊजींचं ऐकतात, त्यांना काही लिहून द्यायला सांगा. मी आयुष्यात फटफटी चालवलेली नाही. सायकल चालवतो. पण पदार्थविज्ञान शिकवतो, मेहकरच्या मेकॅनिककडे जाऊन तास-दीड तास विचारपूस केली, आणि शाळेच्या शाईनं स्वच्छ लिहून दिलं. मला त्या कागदाचा अभिमान होता. तो तुम्हा सगळ्यांच्या थट्टेचा विषय झाला होता, तेही मला आवडायचं. शेषराव आला की म्हणायचा, "दाजी, पेपर पाठ झाला का? नाही तं मास्तर पास करनार नाहीत."

आता तू तोच पेपर मला तपासायला पाठवला आहेस. मी तो एकेका कलमानं तपासला.

निघण्यापूर्वी इंजिन पाच मिनिटं उभ्यानं चालू ठेवावं, थंड इंजिन चढावर दगा देतं. त्यानं ठेवलं होतं, मी ओसरीवरून ऐकत होतो. छातीवर स्वेटरच्या आत वर्तमानपत्र घालावं. दोघांनीही घातलं होतं. शेषरावाचा स्वेटर दवाखान्यात कापला तेव्हा आत आदल्या दिवसाचा पेपर होता, घडीसुद्धा मोडली नव्हती. बधिर बोटांना ब्रेक कळत नाही, म्हणून हातात मोजे घालावेत आणि दर काही मैलांवर थांबून इंजिनाजवळ हात शेकावेत. मोजे होते. मफलरची टोकं बाहेर लोंबू देऊ नयेत, चाकात जातात. आणि कान पूर्ण बांधू नयेत, नाहीतर बैलांची घुंगरं ऐकू येत नाहीत. शेषरावाच्या मफलरचं टोक बाहेर होतं, ते मीच आत खोचलं. दव पडलेल्या डांबरावर पुढचा ब्रेक मारू नये. मागं बसणाऱ्यानं हलू नये.

शेवटचं कलम असं आहे: धुकं असेल तर वेग सायकलीइतका ठेवावा, समोर पाहण्याचा हट्ट न करता डांबराची डावी कड नजरेत धरावी आणि ती कोणत्याही कारणानं सोडू नये.

तेही त्यानं मोडलं नाही. डांबराच्या अगदी कडेनं, जिथं दवानं माती ओली होती, तिथं त्याच्या चाकाची रेघ मी पाहिली. शंभर पावलं तरी ती मागं जात होती आणि पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती.

सिंधू, झोपलेल्या माणसाच्या चाकाची रेघ अशी नसते. हे मला त्याच सकाळी कळलं होतं. तुला सांगायला चोवीस दिवस लागले.

मग काय झालं असावं? या दिवसांत लोक तूर, ज्वारीची कणसं रस्त्यावर पसरतात. गाड्या वरून गेल्या की आपोआप दाणे सुटतात. टायरखाली दाणे आले की ते छऱ्यांसारखे फिरतात. तसं काहीतरी रस्त्यावर असू शकेल. कुणाचं ते सांगता येणार नाही.

इतकंच लिहितो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर: त्यानं काहीही मोडलं नाही.

माणिकराव


डोणगाव,
२ फेब्रुवारी १९६९

चि. सौ. सिंधू हिस,

मागच्या पत्रात "सांगता येणार नाही" असं लिहिलं, ते खोटं होतं. तूर माझी होती.

माझ्या रोजनिशीत १ जानेवारीच्या पानावर हे आहे, जसंच्या तसं उतरवतो: "तूर रस्त्यावर पसरली. दगड अकरा. चुना लावला, म्हणजे दिसतील." २ जानेवारीचं पान कोरं आहे. वीस वर्षांत कोरं राहिलेलं ते पहिलं.

तुला आपलं सडकेचं वावर माहीत आहे, मेहकरकडे जाताना उजव्या हाताला, गावापासून दोन मैल. या वर्षी गडीमाणसं सगळी कापूस वेचायला गेलेली. तूर झोडायला कुणी मिळेना. आपला सालगडी कडूबा म्हणाला, सगळेच सडकेवर टाकून राह्यले, आपणही टाकू. दुपारी त्यानं वावराच्या बाजूनं अर्धा रस्ता तुरीनं भरला. मी शाळा सुटल्यावर गेलो तर एकही गाडी तुरीवरून जात नव्हती. काड्या चाकाला गुंडाळतात म्हणून ड्रायव्हर मोकळ्या बाजूनं, म्हणजे डाव्या बाजूनं, निघून जात होते.

तेव्हा मला युक्ती सुचली. बांधावरचे अकरा दगड आणले आणि डाव्या बाजूला, डांबराच्या कडेपासून मध्यापर्यंत, तिरक्या ओळीत मांडले. आता गाड्यांना तुरीवरूनच जावं लागणार होतं. शेजारच्या वावरातले दोघं पाहत उभे होते. एक म्हणाला, "मास्तरचं डोकं साजरं चालते बा." मला बरं वाटलं. मी घरून दिवाळीचा उरलेला चुना मागवला आणि प्रत्येक दगडाला स्वतःच्या हातानं फासला. मला त्यात काळजी घेतल्याचं समाधान होतं.

दिवस मावळायला कडूबा म्हणाला, "मास्तर, तूर राहू द्या, पन गोटे तरी उचलून घेऊ. सकायी धुवारी असते."

मी म्हणालो, "चुना लावलाय. पांढरं अंधारात उठून दिसतं."

"अंधारात दिसन. धुवारीत?"

सिंधू, हा प्रश्न सातवीच्या मुलानं विचारला असता तर मी त्याला शाबासकी दिली असती. धुक्यात पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही, हे सांगायला बी. एस्सी. लागत नाही. मी कडूबाला म्हणालो, "गोटे उचलले तर रातच्या ट्रका बाजूनं जातील." आणि सायकलीवर बसलो.

सकाळी सहदेव आणि शेषराव सव्वासहाला निघाले. शेषरावाला मेहकरहून बुलढाण्याची गाडी धरायची होती, मुलाखतीसाठी. अंगणात इतकं धुकं होतं की फटफटी फाटकापर्यंत गेली आणि दिसेनाशी झाली. मी मफलर खोचला, कड सोडू नको म्हणून पुन्हा सांगितलं. त्या क्षणी मला दगड आठवले का? महिनाभर मी हे तपासतो आहे. नाही आठवले. आठवले असते तर मी सरळ गुन्हेगार ठरलो असतो. आठवले नाहीत, मग मी कोण ठरतो, ते मला ठरवता येत नाही.

त्याच्या चाकाला पहिला दगड अगदी कडेला लागला. म्हणजे ज्याला माझा कागद पाठ होता, त्यालाच तो लागणार होता. रस्त्याच्या मधून बेफिकीर जाणारा कदाचित तुरीवरून घसरत का होईना, पार झाला असता. शेषराव तिसऱ्या दगडावर पडला. कपाळावरचं पांढरं राख नव्हती.

एका ट्रकवाल्यानं येऊन सांगितलं. मी पोचलो तेव्हा कडूबा आधीच तिथं होता. दोघांना ट्रकमध्ये घातलं. ट्रकवर चढताना मी कडूबाकडे पाहिलं. बोललो काहीच नाही. दहा वाजता मेहकरहून जमादाराबरोबर परत आलो, तर रस्त्यावर तुरीची एक शेंग नव्हती. दगड वावरातल्या जुन्या विहिरीत गेले होते.

जमादार म्हणाले, मास्तर, तुमचं अक्षर चांगलं आहे, पंचनामा तुम्हीच लिहा. मी लिहिला. त्यांनी विचारलं, रस्त्यावर काही होतं का? आदल्या संध्याकाळी माझ्या युक्तीचं कौतुक करणारे दोघंच पंच होते. ते माझ्याकडे पाहत होते. मी लिहिलं, "रस्त्यावर कोणताही अडथळा आढळला नाही." लिहिताना मनाशी म्हणालो, आता तर खरंच काही आढळत नाही. असा मी प्रामाणिक.

मग आम्ही दवाखान्यात गेलो. जमादारांनी पंचनामा सहदेवाला वाचून दाखवला आणि विचारलं, रस्ता मोकळा होता, मग पडलास कसा? त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "माहा डोया लागला."

मला हायसं वाटलं. हे मी लिहून ठेवतो, कारण हे कुणी पाहिलेलं नाही. चाकाची सरळ रेघ पाहून आलो होतो, तरी त्या वाक्यावर मी विश्वास ठेवला. मला ते हवं होतं. त्याच वाक्यानं तू घर सोडलंस.

माणिकराव


डोणगाव,
९ फेब्रुवारी १९६९

चि. सौ. सिंधू हिस,

सोबत २ तारखेचं पत्र आहे. ते मी सात दिवस रोजनिशीत दाबून ठेवलं. पाकिटावर पत्ता होता, तिकीट होतं, पोस्ट शाळेच्या वाटेवर आहे. ते आधी वाच, मग हे.

गुरुवारी संध्याकाळी मी ते पत्र घेऊन गोठ्यात गेलो. ठरवलं होतं की आधी सहदेवाला वाचून दाखवायचं. तो बैलाला कडबा टाकत होता, एका हातानं. मी पहिली ओळ वाचली, तूर माझी होती.

तो म्हणाला, "दादा, मले मालूम हाय."

मला वाटलं, कडूबानं सांगितलं. म्हणालो, "केव्हापासून?"

"पडलो तव्हापासून. हाताखाली तुरीच्या शेंगा होत्या. अन् गोट्याले चुना." मग तो थोडा हसला. महिन्याभरात पहिल्यांदा. "आपल्या मुलखात गोट्याले चुना लावनारा मानूस कोन हाय, दादा? तुमच्याबिगर?"

मी खाली बसलो.  मी विचारलं, मग जमादाराला का सांगितलं नाहीस?

"सांगनारच होतो. तोंडात आलं होतं. पन त्यायनं कागद वाचला. अक्षर तुमचं होतं. तुमी लिहिलं, रस्ता मोकया होता. मंग मी काय म्हनू? माहा भाऊ लबाड हाय म्हनू?"

सिंधू, मी आजवर असं समजत होतो की माझ्या चुकीवर त्याच्या झोपेचं पांघरूण आपोआप पडलं. ते आपोआप पडलेलं नव्हतं. माझा कागद खरा ठरावा म्हणून तो खोटं बोलला. लहानपणापासून मी लिहून दिलं की तो तसं करतो. पंचनामाही त्यानं माझं एक कलम समजून पाळला.

मी म्हणालो, सिंधू गेली, तेव्हा तरी तिला सांगायचंस. त्यानं बैलाच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, "तिचा एकच भाऊ होता. नवऱ्याचा डोया लागला, त्यात गेला, हे ती कधी ना कधी पचवन. घरातल्या मानसानं गोटे मांडले अन् मंग ते लपवले, हे नाही पचवनार. मंग ती आपल्या घरी कधीच येनार नाही. म्हनलं, मी एकटाच वाईट झालो तं वाट तरी खुली राहीन."

मी पत्राची घडी घालून घरात आलो.  

काल शनिवारी मेहकरला ठाण्यात जाऊन लेखी जबाब दिला. जमादार घेईनात. "मास्तर, महिना झाला, कायले उकरता? भाऊ कबूल हाय, पंचायच्या सह्या हायत. तुमची नोकरी जाईन." मी बाकावर बसून राहिलो. दुपारी दोनला त्यांनी कागद ओढून घेतला. चार वाजता ते आणि दोन शिपाई विहिरीवर आले. कडूबा दोर लावून उतरला. उतरताना मला म्हणाला, "मास्तर, तुमी त्या दिशी सांगतलं नोतं. नजरेनंच सांगतलं होतं." मी म्हणालो, जबाबात तसंच लिहिलं आहे, दगड माझ्या सांगण्यावरून टाकले म्हणून. तो दोर धरून खाली गेला.

अकरांपैकी नऊ निघाले. महिनाभर पाण्यात असूनही त्यांच्यावर चुना होता. शिपायांनी ते वावराच्या कडेला ओळीनं मांडले, मोजले, लिहून घेतले. येणारी एस. टी. थांबली, लोक खिडक्यांतून पाहत होते. मी त्या नऊ दगडांकडे पाहत उभा राहिलो, आणि खरं सांगतो, पुढचं मला आठवत नाही. कौशल्या म्हणते, मी सायकल हातात धरून चालत घरी आलो.

आता सतराला सहदेव गुन्हा कबूल करणार नाही. मी तिथं असेन. माझं जे होईल ते होईल. शाळेत मुख्याध्यापकांना आधीच कळवलं आहे. ते तुला लिहिण्यासारखं नाही.

तुझ्या वडिलांना विनंती आहे की दोन्ही पत्रं रुखमाबाईंना मोठ्यानं वाचून दाखवावीत. त्यांनी मला पाणी दिलं होतं.

हे पाकीट सहदेव घेऊन येतो आहे. तो तयार नव्हता. मी त्याला लिहून दिलं, तेव्हा निघाला. शेवटचंच लिहून दिलं, यापुढे देणार नाही. घरापर्यंत येण्याचं त्याचं धाडस होणार नाही. कुणाच्या तरी हाती पाकीट आत पाठवेल आणि जानेफळच्या स्टँडवर, चहाच्या टपरीमागं, बाकावर बसून राहील. परतीची गाडी पाच वाजता आहे. थंडी पडते म्हणून माझा कोट त्याला घातला आहे, बाह्या आखूड होतात. डाव्या खांद्याला अजून दुखतं, तो सांगणार नाही.

त्याचा डोळा लागला नव्हता. त्यानं काहीही मोडलं नव्हतं. तुझा भाऊ पाठीमागं बसला होता आणि तो सायकलीच्या वेगानं, कड धरून, अगदी सांभाळून चालला होता.

पाचच्या आत निरोप पाठवता आला तर पाठव. नाही पाठवलास तरी मी त्याला काही विचारणार नाही.

माणिकराव